पांढरी

सकाळी सातला टेकाडावर खुंट्या, सुतळी.
मुबारक ड्रोन सोडतो, मी काठी धरते,
काठीच्या टोकाला प्रिझम, प्रिझममध्ये एक ठिपका,
ठिपक्याला तीन आकडे : पूर्व, उत्तर, उंची.
तीन हजार वर्षांनी एवढाच पत्ता उरतो.
खाली कासारी. पलीकडं उसाचे फड,
गुऱ्हाळाचा धूर सरळ वर.

संध्याकाळी कोल्हापुरात, शुक्रवार पेठेतल्या खोलीवर,
लॅपटॉप मांडीवर घेऊन मी त्यांचं घर लावते.
खापरांना तांबडा रंग, हाडांना पिवळा,
गारेच्या पात्यांना निळा,
मेढींच्या खड्ड्यांना काळी टिकली.
एक थर चालू, एक बंद, पुन्हा चालू.
टिकल्या जोडत गेलं की भिंत उभी राहते,
वाकडी, अंड्यासारखी.
दार सापडायला अकरा दिवस गेले.
निळे ठिपके जिथं दाट, तिथं उजेड असणार :
कुणीतरी उंबऱ्याशी उकिडवं बसून गार फोडत होतं,
छिलके सगळे एकाच अंगाला.
डावखुरं होतं, मी म्हणाले.
वारा होता, मुबारक म्हणाला.
चहा निवेपर्यंत भांडलो.

पाटा चुलीपासून दोन हात,
बसल्या जागेवरून पोचेल एवढा.

मधोमध मात्र काहीच नाही.
साडेतीन मीटर बाय दोन.
एक खापर नाही, हाडाचा चुरा नाही.
संगणकानं कडेचे रंग ओढून तिथं फिकट काहीतरी भरलं,
गैरहजर माणसाबद्दल शेजारीच बोलतात तसं.
मी ते पुसलं. जागा मोकळीच ठेवली, आणि खाली लिहिलं :
झाडून-पुसून राखलेली जागा. बहुधा निजण्याची.
किंवा देवाची.
दोन परिच्छेद झाले त्यावर, रात्रीचे दीड वाजले.
माझ्याच खोलीत इतकी नीट जागा नाही.

शेवटच्या आठवड्यात केरबा चौगले आले काठी टेकत,
उन्हाला हात आडवा धरून स्क्रीनवर वाकले.
"ह्यो मोकळा चौकोन व्हय?
त्यो आमच्या आज्यानं केलाय.
चौदा गाड्या माती न्हेली हितनं, उसाला.
लई गुणाची. पांढरी म्हंत्यात तिला,
राख सांडून, माणसं ऱ्हाऊन ऱ्हाऊन पांढरी झाल्याली.
खापरं तर किती निघायची.
आमच्या भनी त्येनं चौकोन वडायच्या अंगणात,
आन् जिबली खेळायच्या."
मग हसले, दोन दातांनी.

मुबारकनं माझ्याकडं पाहिलं नाही. भला माणूस.

दुपारी त्यांच्या खोडव्यात शिरलो,
पात्यांनी कोपरापर्यंत ओरबाडून घेतलं,
ड्रोन कामाचा नाही तिथं, वाकावं लागतं.
सातव्या सरीत एक खापर मिळालं,
कडा घासून गोल केलेलं, रुपयाएवढं.
तांबडा रंग द्यायचा की नाही, मला कळेना.
ते घरापासून चारशे मीटर लांब होतं,
आणि घरातलंच होतं.
शेवटी नवा थर उघडला. नाव विचारणाऱ्या चौकटीत
लिहिलं : आजा.

रात्री ते दोन परिच्छेद खोडले.
'झाडून-पुसून' वर येऊन बोट थांबलं.
चौदा गाड्या. झाडून तर नेलीच होती त्यानं.

निघताना केरबांनी काकवी दिली होती,
बिअरच्या जुन्या बाटलीत, बुचाला कापडाची चिंधी.
भाकरीबरोबर खाल्ली. फरशीवर
बाटलीखाली चिकट गोल उमटला.
पुसायला फडकं घेतलं, आणि सहज नजरेनं मोजलं :
शेगडीपासून दोन हात.

फडकं परत खिळ्याला लावलं.